दऱ्या, दर्या आणि माझे अकरा हजार

मी बी.कॉम. आहे. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट सोडल्या तर कलेचं एकही प्रमाणपत्र माझ्या फाइलमध्ये नाही. २०१५ साली कराडला एका डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिका टाइप करायला लागले. कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर तिथेच शिकले, बाकीचं रात्री यूट्यूबवर. आज डिझाइनचं स्वतःचं छोटंसं काम आहे, घरभाडं त्यातून निघतं. पण मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेलं कोणी समोर बसलं की अजून माझा आवाज खाली येतो. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझ्यासारखं स्वतःहून डिझाइन शिकणाऱ्यांशी पुढे मी बरीच ठणकावून बोलणार आहे.

लेयर, ग्रिड, ब्लीड ही डिझाइनची मुळाक्षरं तुम्हाला येत असणार. आरजीबीतली, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतली, फाइल प्रेसला पाठवून झगझगीत निळ्याचा मळका जांभळाही बहुतेकांनी एकदा करून घेतलेला असतो. एकच सांगते: बारीक मजकूर चार कलरच्या काळ्यात ठेवू नका, नुसत्या के-१०० मध्ये, म्हणजे एकट्या काळ्या शाईत, ठेवा. मशीनवर प्लेट केसभर सरकली की आपल्या वेलांट्या आणि मात्रा दुहेरी दिसतात.

आता माझी फजिती.

२०१८ चा पावसाळा. बाहेरचं पहिलं मोठं काम मिळालं होतं, एका ट्रेकिंग ग्रुपच्या शिबिराचं पत्रक. ए-फाइव्ह, १३० जीएसएम आर्ट पेपर, दोन्ही बाजू चार कलर, ५००० प्रती. चार दिवस मी डोंगराच्या धारेवरचं धुकं करत बसले. ते धुकं खरंच छान झालं होतं, आजही म्हणते. मॅटर, म्हणजे छापायचा मजकूर, व्हॉट्सॲपवर आलं. माझ्याकडच्या जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी, म्हणजे मोबाइलवर टाइप होतं ते, धड बसायचं नाही, म्हणून सगळ्यांसारखंच मी ते कन्व्हर्टरमधून जुन्या फॉन्टमध्ये आणलं, मथळा मोठा केला, सावली दिली, कर्व्ह केलं (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार केले), पाठवलं.

मथळा होता ‘सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत दोन दिवस’. छापून आलं ‘सह्याद्रीच्या दर्याखोर्यांत दोन दिवस’.

ग्रुपचे दादा फोनवर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, सह्याद्रीत दर्या कुठून आणलात?” पुन्हा छपाईचे अकरा हजार मी भरले. माझा दुकानातला पगार तेव्हा आठ हजार होता.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण तुमच्याही हातून होणार आहे. मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. ‘दर्या’, ‘सूर्य’, ‘कार्य’ यांत तो रफार होऊन वर जातो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांत तो आडव्या पापणीसारखा पुढच्या अक्षराला चिकटतो. युनिकोडमध्ये ही पापणी आणायचे दोन मार्ग आहेत. एक, नुक्ता म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक, झेडब्ल्यूजे. मजकूर पाठवणाऱ्याच्या कीबोर्डने दुसरा मार्ग घेतला असेल आणि कन्व्हर्टरने किंवा एखाद्या कॉपी-पेस्टने तो अदृश्य जोडक टाकून दिला, तर पापणी गळते आणि रफार वर जाऊन बसतो. सॉफ्टवेअरला त्यात काही चूक दिसत नाही. लाल रेघ येत नाही. ‘शेतकर्यांना’ असा फ्लेक्स गावात महिनाभर लटकतो तो यामुळेच. टाइप करणाऱ्याला मराठी येत नाही असं समजून आपण हसतो, पण त्याने बहुतेक बरोबरच टाइप केलेलं असतं.

पण कन्व्हर्टरवर खापर फोडून मी सुटत नाही. तो मथळा चार दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता. त्याचा आकार, रंग, सावली, तो डोंगराच्या किती वर हवा, सगळं बघितलं. वाचला एकदाही नाही. आपण स्वतःहून शिकणारे लोक ज्या व्हिडिओंवरून शिकतो त्यांत मजकूर कधी खरा नसतो. लोरेम इप्सम हा जागा भरायचा निरर्थक मजकूर असतो, नाहीतर इंग्रजीत ‘समर सेल’. त्यामुळे अक्षरं म्हणजे चित्रातली करडी पट्टी, अशी नजरेला सवय लागते. कॉलेजात ती सवय कोणी मोडतं की नाही मला माहीत नाही. माझी अकरा हजारांनी मोडली.

तेव्हापासून मॅटर हातात आलं की आधी ते वाचते, मग सॉफ्टवेअर उघडते. फॉन्ट बदलला की ऱ्या आणि ऱ्हा असलेले सगळे शब्द शोधते. कर्व्ह करण्याआधी ए-फोरवर प्रिंट काढून मोठ्याने वाचते आणि कर्व्ह केल्यावर पुन्हा वाचते, कारण तिथून पुढे अक्षर दुरुस्त करता येत नाही. छापायचा प्रत्येक मोबाइल नंबर लावून बघते. ज्याने ते काम आधी पाहिलेलं नाही अशा एका माणसाला वाचायला देते. आमच्याकडे ते काम सासूबाई करतात आणि त्या चहाचा कप खाली ठेवल्याशिवाय वाचत नाहीत. शेवटी पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, ‘ओके, छापा’ असं लेखी घेते. लाज वाटते मागायला? मलाही वाटते. तरी घ्या.

मेंटॉर नावाच्या प्रकाराबद्दल माझं मत वाईट आहे. ४९९ रुपयांच्या वेबिनारमध्ये ‘तीस दिवसांत डिझायनर’ करणाऱ्यांनी स्वतः छापलेला एक तरी कागद दाखवावा. मला शिकवलं प्रेसच्या मशीनवरच्या मामांनी. माझी पत्रकं त्यांनीच छापली होती. गठ्ठा बांधताना म्हणाले, “पोरी, मी मराठी शाळेत सातवी नापास. तरी मला दिसलं. पण तू शिकलेली, म्हटलं काहीतरी नवीन असेल.” मला आजवर मिळालेला सगळ्यात चांगला अभिप्राय हा आहे आणि तो आठवला की अजून कान तापतात. प्रेसमध्ये तासभर उभे राहा. कोणी हाकलत नाही, फक्त मध्ये येऊ नका.

अक्षरांचं म्हणाल तर इंग्रजीचे नियम मराठीला लावू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. ओळींमधलं ऑटो अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के असतं; वर वेलांट्या, खाली उकार, त्यात ते कोंदटतं. मी १४ पॉइंटला २१ च्या आसपास ठेवते. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल तर परिच्छेदाच्या मेनूत ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ कंपोजर लावा, रडू नका. मी दोन रात्री रडले होते. पायरेटेड फॉन्टही नकोत. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट फुकट आणि रीतसर मिळतात. फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. हिंदी वळणाचे आले तर मराठी वाचक अडखळतो. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णलेखनाच्या निर्णयात या दोघांची मराठी वळणं दिलेली आहेत. आणि अक्षरकार कमल शेडगे यांनी हाताने काढलेली नाटकांची नावं जुन्या वर्तमानपत्रांत मिळतील तिथे बघा. त्या माणसाने आधी नाव वाचलंय आणि मग अक्षर काढलंय, हे दिसतं.

डिग्री नाही म्हणून घाबरू नका. इतक्या वर्षांत एकाच पार्टीने विचारलं, तेही पैसे कमी करायला. काम कमी, उधारी जास्त अशी पहिली दोन वर्षं मात्र जातातच, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. नातेवाइकांचं ‘जरा हात फिरव गं’ फुकट करायचं ते फक्त सख्ख्या बहिणीचं.

गेल्या महिन्यात एक मुलगा शिकायला आला, अकरावीतला. मी ड्रॉवरमधून ते जुनं पत्रक काढून त्याला दिलं आणि चुका शोधायला सांगितल्या. त्याने तीन काढल्या. दऱ्या आणि खोऱ्या मला माहीत होत्या. तिसरी मागच्या बाजूला, ‘सकाळी ७ वाजता नाष्टा’; हवं होतं ‘नाश्ता’. तो गेल्यावर मी दुसऱ्या छपाईचं, अकरा हजारांचं पत्रक काढून बघितलं. तिथेही नाष्टाच आहे.