पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी ओढा कसा मोजावा

कॉलेजात पर्यावरणाचा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा झाला, तो पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलेल्या आदेशामुळे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने ५० तासिकांचा अभ्यासक्रम आखला आणि त्यातल्या ५ वर्गाबाहेरच्या कामासाठी ठेवल्या. मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच काम. पण नेमका तोच प्रकल्प बरेच जण झेरॉक्सच्या दुकानातून तयार आणतात, याचं फार वाईट वाटतं.

‘जागतिक तापमानवाढ’ असला अवाढव्य विषय घेऊ नका. चालत जाता येईल असा ओढा निवडा आणि एकच प्रश्न धरा: वस्तीत शिरताना पाणी कसं असतं, बाहेर पडताना कसं? वस्तीच्या वर एक, खाली एक अशा दोन जागा पक्क्या करा. दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर सुरुवात करा. एकट्याने उतरू नका.

आधी पाणी किती वाहतं ते मोजा. काठाने १० मीटर अंतर आखा, वरच्या टोकाला एक संत्रं सोडा आणि घड्याळ लावा. समजा ४० सेकंद लागले, ओढा २ मीटर रुंद आणि सरासरी ३० सेंटीमीटर खोल आहे. म्हणजे सेकंदाला १५० लिटर. पण वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून ०.८ ने गुणा: १२० लिटर. एवढासा दिसणारा ओढा दिवसाला एक कोटी लिटरहून जास्त पाणी नेतो!

मग विरघळलेला प्राणवायू. केमिस्ट्रीच्या सरांना किंवा मॅडमना सोबत घ्या, तो मोजायची विंकलर पद्धत त्यांना ठाऊक असते. बाटली पाण्याखालीच भरून बूच लावा, आत बुडबुडा राहता कामा नये. मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड काठावरच घालायचं. साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळपास नाहीच. तो पांढरा साका एकदा पाहिला की विसरत नाही. नेमका आकडा लॅबमध्ये टायट्रेशन करून काढा. नदी-ओढ्यात आंघोळ करायची तर त्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

इथे वेळ सांभाळा. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री नुसता वापरतं. वरचा नमुना सकाळी ७ ला आणि खालचा दुपारी ३ ला घेतलात, तर तुलनेला अर्थ उरत नाही.

हातमोजे घालून दगडही उलटून पाहा. मेफ्लाय या कीटकाची पिल्लं दिसली तर पाण्यात जीव आहे. चिखलात फक्त तांबड्या अळ्या असतील तर प्राणवायू कमी पडतोय.

फसलेली मोजमापंही अहवालात लिहा. एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घ्या. दोन्ही जागांचे फोटो आणि खुणा कॉलेजात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथेच उभं राहून मोजता येईल.