वाचलेल्या पुस्तकावर मत मांडताना

पुस्तक मिटल्याबरोबर मत लिहायला बसू नये. एक-दोन दिवस जाऊ द्यावेत, कारण शेवटच्या पानांचा अंमल ओसरल्यावरच मधली पाने आठवू लागतात. वाचताना मात्र पेन्सिल हाताशी असावी आणि खटकलेल्या वा भावलेल्या ओळीचा पृष्ठक्रमांक मागच्या कोऱ्या पानावर टिपावा (ग्रंथालयाची प्रत असेल, तर अर्थातच वहीत).

‘अप्रतिम’ किंवा ‘कंटाळवाणे’ एवढ्याने इतर वाचकांच्या हाती काहीच लागत नाही. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीबद्दल लिहिताना, तिचा नायक पांडुरंग सांगवीकरचा तिरकस सूर पुण्यातल्या वसतिगृहाच्या भागात हसवतो, पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी तोच सूर कसा अंगावर येतो, हे दाखवले, तर असहमत वाचकालाही उत्तर देण्यासाठी नेमके काहीतरी सापडते. कथानक असे उघड करायचे असल्यास पहिल्याच ओळीत तशी सूचना द्यावी. रहस्यकथेच्या बाबतीत ही चूक अक्षम्यच मानावी.

पुस्तक अर्धवट सोडले असल्यास कितव्या पानावर सोडले, ते प्रामाणिकपणे लिहावे, आणि अनुवाद वाचला असेल, तर मूळ भाषेसह अनुवादकाचेही नाव द्यावे, जे आपल्याकडे हटकून राहून जाते.