लिटलएफएस करप्ट झाली म्हणताय? आधी या चुका टाळा

लाइट गेली, सेटिंग उडाली, म्हणजे लिटलएफएस बेकार असं बोलणारे भरपूर भेटतात, पण मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅश मेमरीत फाइली ठेवणारी ही छोटी फाइल सिस्टिम मुळात अचानक पॉवर जाणार हे धरूनच बनवलीय, त्यामुळे तिच्यावर खापर फोडायच्या आधी आपला कोड उघडून बघा.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे लॉग फाइल उघडायची आणि राइट करत सुटायचं, क्लोज नाही की सिंक (फाइल उघडी ठेवूनच लिहिलेलं फ्लॅशमध्ये पक्कं करणं) नाही. सिंक किंवा क्लोज होईपर्यंत लिटलएफएस फाइलची जुनी अवस्थाच खरी धरते, मग मध्येच रीसेट झाला की रात्रभराचा लॉग गायब आणि नवीन फाइल असेल तर साइज शून्य. इथे करप्ट काहीच झालेलं नसतं बरं का, तुम्ही सेव्ह केलंच नव्हतं.

हे कळलं की लोक दुसरं टोक गाठतात, दर ओळीला सिंक! हे जास्त महाग पडतं. नॉर फ्लॅशमध्ये (अशा बोर्डांवर सहसा हीच मेमरी चिप असते) लिहिताना बिट फक्त १ चा ० होतो, परत १ करायला अख्खा सेक्टर इरेज करावा लागतो, आणि तो सहसा ४ केबीचा. सिंक केल्यावर पुढची ओळ जोडायला गेलात की अर्धवट भरलेला शेवटचा ब्लॉक (सहसा एक सेक्टर) नवीन जागी कॉपी होतो, म्हणजे २० बाइट लिहायला एक इरेज. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू सिरीजमध्ये एका सेक्टर इरेजला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात, डेटाशीटमधली कमाल मर्यादा ४०० ची आहे, आणि आयुष्य सेक्टरमागे १ लाख इरेज. एकाच सेक्टरवर दर मिनिटाला इरेज केलं तर दिवसाला १४४०, म्हणजे सव्वादोन महिन्यांत खेळ खलास. वेअर लेव्हलिंग, म्हणजे इरेज सगळ्या ब्लॉकवर पसरवणं, हे ओझं वाटून घेते खरं, पण पार्टिशनच (फ्लॅशचा तिला दिलेला भाग) चार-सहा ब्लॉकचं ठेवलं तर वाटणार कुठे? त्यात कोणी ब्लॉक सायकल्स (किती इरेजनंतर मेटाडेटा नवीन ब्लॉकवर हलवायचा ते ठरवणारी सेटिंग) -१ करून ठेवतं, मग मेटाडेटाची, म्हणजे फाइलींची नावं-साइज वगैरे नोंदींची, लेव्हलिंगच बंद. १०० ते १००० मधली व्हॅल्यू ठेवा, रेकॉर्ड रॅममध्ये साठवा आणि किती वेळाचा डेटा गेलेला चालेल ते ठरवून तेवढ्या वेळाने एकदम लिहा.

आता माझ्या मते सगळ्यात घातक प्रकार. अर्डुइनोत ईएसपी३२ (वायफायवाला मायक्रोकंट्रोलर) वर लिटलएफएस बिगिनला ट्रू पास करायचं, म्हणजे माउंट (फाइल सिस्टिम वापरायला उघडणं) फेल झालं की सरळ फॉरमॅट. डेमोला ठीक आहे, फील्डमध्ये गेलेल्या डिव्हाइसला अजिबात नाही. माउंट फेल व्हायला पार्टिशन टेबल बदललेलं पुरतं, एसपीआयवरचा (चिपला जोडणाऱ्या तारांवरचा) नॉइज पुरतो. अजून एक गंमत बघा, लिटलएफएस २.६ पासून डिस्क फॉरमॅट (फ्लॅशवर डेटा मांडायची पद्धत) २.१ झाला, नवीन फर्मवेअरने एकदा काही लिहिलं की डिस्क अपग्रेड होते, आणि मग तुम्ही जुन्या फर्मवेअरवर रोलबॅक केलंत की त्याला ती माउंटच होत नाही. वर फॉरमॅट ऑन फेल चालू असेल तर कॅलिब्रेशन वगैरे सगळं साफ. फॉल्स ठेवा, दोन-तीनदा रीट्राय करा, तरी नाही जमलं तर डिफॉल्ट सेटिंगवर चालू करून एरर कळवा, आणि कॅलिब्रेशन वेगळ्या पार्टिशनमध्येच ठेवा.

फ्लॅश चिपचा ड्रायव्हर स्वतः लिहिला असेल आणि -८४ येत असेल (हा करप्टचा कोड) तर फाइल सिस्टिम बाजूला ठेवा. आधी नुसता ड्रायव्हर तपासा, सेक्टर इरेज करून सगळं एफएफ (सगळे बिट १) वाचलं जातंय का, मग प्रत्येक ब्लॉकमध्ये त्याचाच नंबर लिहून शेवटी सगळे परत वाचा. २५६ बाइटच्या पेजची हद्द ओलांडली की चिप पुढच्या पेजवर जात नाही, त्याच पेजच्या सुरुवातीला येऊन लिहिते, आणि हे फार जणांना नडतं. राइट इनेबल कमांड प्रत्येक प्रोग्रॅम (लिहिणं) आणि इरेजच्या आधी लागते, बिझी बिट उतरायची वाट बघावी लागते, अंदाजे डिले टाकून भागत नाही. चिप १६ एमबीपेक्षा मोठी असेल तर ३ बाइटचा ॲड्रेस पुरत नाही, ४ बाइट मोड लागतो, नाहीतर वरचा डेटा खाली शून्यापासून लिहिला जातो आणि सुपरब्लॉकच (फाइल सिस्टिमची ओळख असलेला सुरुवातीचा ब्लॉक) जातो.

आरटीओएसमध्ये (एकाच वेळी अनेक टास्क चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) दोन टास्क एकाच वेळी लिहीत असतील तर लॉक तुम्हालाच द्यायचंय, लिटलएफएस ते आपोआप करत नाही. आणि ईएसपी३२ वर मेन फ्लॅशमध्ये लिहिताना कॅश बंद असते, म्हणजे फ्लॅशमधला कोड चालवता येत नाही, तेवढ्या वेळात चालू राहायला हवा असा इंटरप्ट हँडलर आयरॅममध्येच (कोडसाठीच्या आतल्या रॅममध्ये) ठेवा, त्यातून वाचला जाणारा डेटासुद्धा फ्लॅशमध्ये नको.