ओहोटीला खडकावर जाऊन समुद्राची तब्येत कशी बघायची

जुहूला पाणी काळं दिसलं की आपण लगेच "केमिकल सोडलंय" म्हणून व्हिडिओ टाकतो आणि निळं दिसलं की "आज काय क्लीन आहे" म्हणून सेल्फी. दोन्ही वेळा आपण फसलेलो असू शकतो, कारण मुंबईत दर सहा तासांनी भरती-ओहोटी पाणी हलवत असते, सकाळी नाल्यातून जे आलं ते दुपारपर्यंत भलतीकडेच गेलेलं असतं. म्हणून पाणी नंतर बघा. आधी ज्यांना तिथून पळता येत नाही त्यांना बघा, म्हणजे कालवं, बार्नॅकल (खडकाला कायमचे चिकटलेले कवचवाले बारके जीव), खडकाला धरून बसलेल्या शंखाच्या गोगलगायी. ते बिचारे वर्षभर त्याच पाण्यात राहतात आणि खातात, त्यामुळे काय काय येऊन गेलं ते त्यांच्या अंगावर राहतं.

मी शास्त्रज्ञ नाही, ऑफिसला जाणारा माणूस आहे, पण गेली चार वर्षं वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर महिन्यातून दोनदा जातो आणि वहीत लिहितो. तुम्हाला करायचं असेल तर असं करा.

पहिलं काम तिथी बघायची. अमावस्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं. मुंबईत त्या दिवसांत भरती साधारण दुपारी बारा-एकला असते आणि सुकती (पूर्ण ओहोटी) सकाळ-संध्याकाळ सहा-सातच्या आसपास, म्हणजे ऑफिसच्या आधी जमतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड उतरत नाही, फेरी फुकट जाते (मी सुरुवातीला तीन रविवार असेच घालवले). नेमकी वेळ टाइड टेबलमध्ये बघा, सुकतीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा. हे गंमत म्हणून सांगत नाहीये, पाणी समोरून येताना दिसतं पण ते तुमच्या मागच्या खाचांत आधी भरतं आणि तुम्ही मधल्या खडकावर अडकता. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका.

सोबत जुने बूट (चप्पल नको, कालवाची धार ब्लेडसारखी असते, त्यात नाल्याचं पाणी लागलं की जखम चिघळते), वही, पेन्सिल, एक काडी आणि लोकेशन चालू केलेला फोन. जागा दोन निवडा, एक नाल्याच्या तोंडाजवळ आणि एक लांब, पण दोन्ही खडक सारख्याच उंचीचे हवेत, नाहीतर तुलना बोंबलते. एकदा बघून काही कळत नाही, त्याच दोन जागा, तशीच सुकती, असं सहा महिने केलं की मग वही बोलायला लागते.

आता काय बघायचं. खडकातल्या डबक्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला की सगळे "तेल तेल" ओरडतात. काडी घ्या आणि तवंगात हळूच घाला. काचेसारखे कोनेदार तुकडे झाले आणि ते तसेच सुटे राहिले तर बहुतेक ते जीवाणूंचं काम आहे, नैसर्गिक. काडी काढल्यावर तवंग परत गोल फिरून जुळला तर ते खरं तेल, डिझेल नाहीतर इंजिन ऑइल. पहिल्यांदा मी ही काडी घातली तेव्हा महिनाभर ज्याला तेल म्हणून लिहीत होतो त्याचे खटाखट तुकडे झाले आणि वहीतली दोन पानं खोडावी लागली.

हिरवं पातळ, पॉलिथिनच्या तुकड्यासारखं शेवाळ असतं, उल्वा म्हणतात त्याला. थोडं असेल तर छानच, खेकडे-गोगलगायी खातात. पण नाल्याजवळ सगळा खडकच हिरवागार गुळगुळीत झाला असेल आणि त्याखाली बार्नॅकलला बसायला जागा उरली नसेल तर समजा सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर येतोय. हेच खाडीत फ्लेमिंगोंच्या बाबतीत होतं. "फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी सुधारली" असं लोक खुशीत म्हणतात पण ते जे शेवाळ खातात ते सांडपाण्यावरच पोसतं, त्यामुळे गुलाबी रंग म्हणजे स्वच्छतेचं सर्टिफिकेट नव्हे. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाली, आनंद आहे, पण तळाचा चिखल जाहीरनामा वाचून साफ होत नाही.

वाळू असेल तर बोटभर खणा. खाली काळा थर आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे तिथे ऑक्सिजन नाही. खाडीच्या चिखलात हे नॉर्मल आहे, शिवडीला बघून घाबरू नका. पण उघड्या चौपाटीवर, जिथे लाटा रोज वाळू उलटीपालटी करतात, तिथे वरवर खरवडल्यावरच काळं लागलं तर गडबड आहे.

गोगलगायींवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. दगडाची खालची बाजू बघा (आणि दगड होता तसाच परत ठेवा, उलटा टाकून गेलात तर खालचे सगळे उन्हात मरतात). शिकारी गोगलगायी तिथे अंड्यांच्या पिशव्या चिकटवतात, पिवळट, भाताचे दाणे उभे लावल्यासारख्या, एकाला एक लागून. त्या दिसल्या की बरं वाटतं, कारण त्यामागे एक विचित्र प्रकरण आहे. जहाजांच्या बुडाला बार्नॅकल चिकटू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी घालायचे. ते पाण्यात सुटायचं आणि मादी गोगलगायींना चक्क नराचं इंद्रिय उगवायचं, काही जातींमध्ये त्याने अंडी बाहेर पडायचा रस्ताच बंद व्हायचा आणि मादी आतल्या आत मरायची. इंद्रिय उगवायला लिटरला एक नॅनोग्रॅम पुरतो, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! इंग्लंड-फ्रान्सच्या किनाऱ्यांवर हे आधी लक्षात आलं, मग जगभरची बंदी १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाली. पण बंदरातल्या गाळात जुना रंग बसून राहतो, गाळ उपसला की परत वर येतो. तपासायला शंख फोडावा लागतो, ते आपण करायचं नाही, अंडी मोजा. नाही दिसली म्हणून लगेच टीबीटीवर ढकलू नका, सीझन नसेल, पण लांबच्या खडकावर आहेत आणि इथे वर्षभर एकदाही नाहीत असं झालं तर ठळक लिहून ठेवा.

डांबराच्या गोळ्या पावसाळ्यात येतात, नैऋत्येचा वारा खोल समुद्रातलं तेल किनाऱ्याला आणून टाकतो. सुटलेलं कच्चं तेल नाहीतर जहाजांनी टाकलेली घाण, उन्हा-लाटांनी घट्ट होते. यात बार्नॅकल आणि छोटे खेकडे गुदमरून मरतात. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं धडकली तेव्हा तेलाबरोबर कंटेनरही पाण्यात पडले, काहींत कीटकनाशक होतं, आणि कित्येक दिवस लोकांनी मासे घेणंच सोडलं, कोळणी पाट्या भरून बसून राहायच्या.

मेलेले मासे दिसले तर फोटो काढण्याआधी दोन मिनिटं नीट बघा. अंगावर जाळ्याचे वळ असतील, सगळे एकाच साइजचे आणि फुटकळ जातीचे असतील तर ते बोटीवरून फेकलेले आहेत, विषय संपला. ऑक्सिजन कमी पडला असेल तर पहाटे मासे वर येऊन तोंडाने हवा खाताना दिसतात आणि आधी मोठे मरतात, कारण त्यांना जास्त लागतो. विषारी काही सोडलं असेल तर बहुतेक वेळा उलटं, बारके आधी जातात, खेकडे-कोळंबीही सोबत मरतात आणि जिवंत असलेले वेडेवाकडे गरगरतात. हे दगडावरची रेघ नाही पण तक्रारीत लिहायला फार उपयोगी पडतं.

टेस्ट किटबद्दल सगळे विचारतात. पीएचच्या (पाणी किती आम्ल ते दाखवणाऱ्या) पट्ट्या घ्या पण जास्त आशा ठेवू नका, समुद्राचं पाणी साधारण ८.१ ला असतं आणि त्यातले क्षार त्याला सहजासहजी हलू देत नाहीत, थोडंफार ॲसिड पचवून टाकतं. म्हणूनच नाल्याच्या तोंडाशी पट्टी ७ च्या खाली गेली तर तो आकडा महत्त्वाचा, तिथे बऱ्यापैकी काहीतरी ओतलं गेलंय. अमोनियाचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं, खाऱ्या पाण्याला चालणारंच मागा. विरघळलेला ऑक्सिजन मोजलात तर वेळ नक्की लिहा, शेवाळामुळे दुपारी तो भरपूर दिसतो आणि पहाटे तळाला जातो. किनाऱ्याच्या अंघोळीच्या पाण्याला सरकारी मापदंड लिटरला किमान ४ मिलिग्रॅमचा आहे.

खाण्याचं म्हणाल तर माझा भरवसा किटपेक्षा आमच्या कोळीण मावशींच्या नाकावर आहे. एकदा मी हातात घेतलेले बोईट त्यांनी कल्ल्याजवळ हुंगले आणि परत पाटीत टाकले, "घासलेट मारतंय, नको नेऊ बाळा." तेलाचा वास मांसात उतरतो आणि शिजवलं तरी जात नाही. पाऱ्याला मात्र वासही नसतो. चिखलातले जीवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते बारक्या माशातून मोठ्यात साचत जातं, जपानमध्ये मिनामाताला १९५६ मध्ये लोक आजारी पडल्याचं उघडकीस आलं ते माशांतल्या याच मिथाइल मर्क्युरीने, फक्त तिथे ते थेट कारखान्यातून आलं होतं. म्हणून घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर मुशी आणि मोठाली सुरमई कमी करा, बांगडा, मांदेली, तारली खुशाल खाऊ द्या. रस्सा उकळून पारा जात नाही, तो मांसातच चिकटलेला असतो. आणि नाल्याजवळच्या खडकावरची कालवं काढून खाऊ नका, फुकटची असली तरी.

शेवटी तक्रार. मी पहिल्यांदा बाटलीत पाणी भरून एका ऑफिसात घेऊन गेलो, तिथल्या साहेबांनी बाटली बघितली, मला बघितलं आणि म्हणाले ठेवा तिकडे. राग आला होता पण नंतर कळलं की १९७४ च्या जल कायद्यात नमुना कोणी, कसा, कोणासमोर घ्यायचा ते ठरलेलं आहे, आपली बिसलेरीची बाटली कोर्टात उभी राहत नाही. आपलं काम त्यांना योग्य वेळी योग्य जागी आणायचं. त्यामुळे लिहा: तारीख, सुकतीची वेळ, लोकेशन, कुठल्या पाइपमधून, रंग, वास, काय मेलं आणि किती, सोबत वहीतल्या मागच्या पानांचे फोटो. हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला मेल करा, नाल्याचं असेल तर महापालिकेच्या १९१६ वर पण, समुद्रात तेल दिसलं तर कोस्ट गार्डला १५५४. तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. "दर उधाणाच्या सुकतीला सकाळी सहाला येतं" असं लिहिलेली तक्रार मी केली तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी सहाला आलं.

आणि पायाला डांबर लागलं तर घासलेटने घासू नका, कातडी सोलते. खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटं थांबा, जुन्या बनियनने पुसा, मग साबण. बूट मात्र गेले असं समजा.