हेडिंग कॅपिटलमध्ये टाइप करू नका

नाशकात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम, शिकायला लागलात की मराठीइतकाच इंग्रजी मजकूर हाताखालून जातो. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, गंगापूर धरणाकडे मुक्त विद्यापीठ, त्यात गावातली कॉलेजं; प्रबंध आणि अहवालांना तोटा नाही. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नसल्यामुळे मराठीवर बसलेल्या हाताला त्याचा विचार करायची सवय नसते. नवी मुलं अडकतात ती बहुधा इथेच.

माझं सांगणं एवढंच, की हेडिंग साधं टाइप करा. पहिलं अक्षर आणि विशेषनामं कॅपिटल, बाकी स्मॉल. पानावर ते सगळं कॅपिटल दिसायला हवं असेल तर पॅराग्राफ स्टाईलमध्ये, म्हणजे अख्ख्या परिच्छेदाचं रूप ठरवणाऱ्या साठवलेल्या सेटिंगमध्ये, 'ऑल कॅप्स' लावा. कॅप्स लॉक दाबून टाइप केलेलं हेडिंग आणि स्टाईलने कॅपिटल दिसणारं हेडिंग छापल्यावर सारखंच दिसतं, फाइलच्या पोटात मात्र दोन्ही वेगळी असतात. हा फरक उघडा पडतो अनुक्रमणिका काढताना.

इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर अनुक्रमणिकेसाठी हेडिंगचा मजकूर उचलतं आणि तो कसा दिसावा हे अनुक्रमणिकेच्या ओळींची वेगळी स्टाईल, म्हणजे एंट्री स्टाईल, ठरवते. म्हणून प्रकरणाच्या पानावर सगळं कॅपिटल आणि अनुक्रमणिकेत साधं, असं सहज जमतं. पण मुळात कॅपिटल टाइप केलं असेल तर अनुक्रमणिकेतही तेच येतं आणि ते स्मॉल करणारी स्टाईल नसते. 'स्मॉल कॅप्स' (छोट्या आकाराची कॅपिटल अक्षरं) हेही उपयोगाचं नाही, ते फक्त स्मॉल अक्षरांवर चालतं. वर्डमध्येही हेच, फक्त ऑल कॅप्स 'हेडिंग १' या स्टाईलमध्येच बसवा. हेडिंग सिलेक्ट करून वरून लावलंत तर ते अनुक्रमणिकेत उतरतं. वर्डमधलं शिफ्ट-एफ३ आणि इनडिझाइनमधलं 'चेंज केस' मजकूरच बदलून टाकतात, त्यांना स्टाईल समजू नका. इनडिझाइनचं 'टायटल केस' आणि वर्डचं 'कॅपिटलाइज ईच वर्ड' तर 'ऑफ' आणि 'अँड'लाही कॅपिटल करतं.

वैद्यकीय प्रबंधात हे फार जपावं लागतं. पीएच (आम्लतेचं माप) यातला पी स्मॉल आणि एच कॅपिटल. ई. कोलाय या जिवाणूच्या नावात ई तेवढा कॅपिटल, कोलाय अख्खं स्मॉल. एकदा सगळं कॅपिटल टाइप झालं की मूळ काय होतं ते फाइल सांगू शकत नाही, विद्यार्थ्यालाच विचारावं लागतं. ऑल कॅप्स स्टाईलही इथे डोळे मिटून लावू नका. मायक्रोग्रॅमच्या चिन्हातला म्यू हे ग्रीक स्मॉल अक्षर आहे आणि युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, नियमानुसार त्याचं कॅपिटल हुबेहूब इंग्रजी एमसारखं दिसतं. म्हणजे हेडिंगमधले ५० मायक्रोग्रॅम वाचणाऱ्याला ५० मिलिग्रॅम वाटतील, हजार पट जास्त! अशा शब्दांसाठी ऑल कॅप्स बंद असलेली कॅरेक्टर स्टाईल, म्हणजे निवडलेल्या अक्षरांपुरतीच लागणारी स्टाईल, करून ठेवा. लाटेक या प्रबंध लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम 'नोकेसचेंज' ही आज्ञा करते.

मराठी हेडिंगला ऑल कॅप्सने काही होत नाही, हे फक्त युनिकोडपुरतं खरं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक मराठी अक्षरामागे इंग्रजी अक्षर असतं. 'काम' हा शब्द तिथे स्मॉल डी, के, ई असा टाइप होतो. ते कॅपिटल झाले की डीचा अर्धा क, केचा ज्ञ आणि ईचा अर्धा म, म्हणजे 'क्ज्ञम्'. दोन्ही भाषांची स्मरणिका लावताना इंग्रजी आणि मराठी हेडिंगची स्टाईल वेगळी ठेवा, कितीही घाई असली तरी.

अनुक्रमणिका हाताने दुरुस्त करत बसू नका. अपडेट केली की ती दुरुस्ती पुसली जाते. चूक दिसली तर मूळ हेडिंगवर जा.

प्रूफ द्यायच्या आधी बुकमार्कसकट (पीडीएफच्या बाजूला दिसणारी हेडिंगांची यादी) पीडीएफ काढा आणि बुकमार्कची पट्टी उघडून वरपासून खाली वाचा. तिथे स्टाईल पोचत नाही, नुसता टाइप केलेला मजकूर दिसतो. एखादी ओळ सगळी कॅपिटल आली असेल तर ते हेडिंग कॅप्स लॉकवर टाइप झालंय. मूळ फाइलमध्ये ते पुन्हा साधं टाइप करा आणि अनुक्रमणिका अपडेट करा.