परदेशी शिक्षणाची तयारी: कागदांचं वय मोजायला विसरू नका, आणि या चुका टाळा

परदेशात शिकायला जायचं ठरलं की पहिले कित्येक दिवस विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या चाळण्यात जातात. त्यात गैर काही नाही. पण प्रवेश मिळूनही जे जाऊ शकत नाहीत, त्यांचं घोडं क्रमवारीपाशी क्वचितच पेंड खातं. ते अडतं तारखांपाशी. परीक्षेचा निकाल शिळा झालेला असतो, पैसे खात्यात आलेले असतात पण उशिरा, किंवा जे पत्र आधी मागवायला हवं होतं ते सगळ्यात शेवटी मागवलेलं असतं.

म्हणून गणित उलटं मांडा. वर्ग सुरू होण्याची तारीख आधी लिहा आणि तिथून मागे मागे या. शिष्यवृत्ती हवी असेल तर हे आणखी महत्त्वाचं. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात आणि शिक्षण सुरू होतं थेट पुढच्या वर्षीच्या शरद ऋतूत. आधी प्रवेश घेऊ, मग शिष्यवृत्तीचं बघू, असं म्हणणाऱ्यांची खिडकी तोवर बंद झालेली असते. जर्मनीत बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या संस्थेमार्फत जातात आणि तीच सांगते की मुदतीच्या किमान ८ आठवडे आधी अर्ज पाठवा. १५ जुलै ही मुदत वाचून १४ जुलैला बसणाऱ्याला एखादं प्रमाणपत्र कमी पडलं, तर ते जोडायला वेळच उरत नाही.

परीक्षा फार लवकर देण्याची चूक हुशार विद्यार्थी हमखास करतात. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण २ वर्षं धरले जातात, पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई आणि जीमॅटचे ५. त्यामुळे जीआरई लवकर उरकायला हरकत नाही. भाषेच्या परीक्षेचं तसं नाही. दुसरी गफलत एकूण गुणांवर खूश होण्याची. एकूण ७ आले, पण लेखनात ६ आणि विद्यापीठाला प्रत्येक विभागात ६.५ हवेत, तर तो ७ उपयोगाचा नाही. असं झालंच तर पूर्ण परीक्षा पुन्हा देण्याआधी एक गोष्ट तपासा. आयईएलटीएस संगणकावर दिली असेल तर मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत एकच विभाग पुन्हा देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. असा निकाल सगळीच विद्यापीठं स्वीकारत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

पैसे किती, इतकंच नाही. कधीपासून आणि कोणाच्या नावावर

सगळ्यात जास्त अर्ज मला इथेच घसरताना दिसतात, आणि वाईट याचं वाटतं की बहुतेकांकडे पैसे असतात. ब्रिटनचा नियम बघा. ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असायला हवी आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. खातं स्वतःचं असावं, नाहीतर आईवडिलांचं, कायदेशीर पालकांचं किंवा जोडीदाराचं. आईवडिलांचं असेल तर नात्याचा पुरावा आणि त्यांचं संमतीपत्र हवं. काका कितीही भरवशाचे असले तरी त्यांच्या खात्यातली रक्कम चालत नाही. ती आपल्या खात्यात घेऊन मगच २८ दिवस मोजायचे. शेअर आणि घरदार यात धरत नाहीत.

जर्मनीची पद्धत वेगळी. तिथे बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंट उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. म्हणजे पहिल्याच महिन्यात घराचं डिपॉझिट, विमा आणि सामान या सगळ्याला त्यातून पैसे पुरतील, हा भ्रम. त्यासाठी वेगळी रक्कम हाताशी लागते.

अर्धवेळ कामाच्या कमाईवर फी भरण्याचा बेत असेल तर तो कागदावरच मोडा. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४. व्हिसासाठी पैसे दाखवताना ही होऊ घातलेली कमाई धरत नाहीत.

प्रवेशपत्र म्हणजे व्हिसा नव्हे

सशर्त प्रवेशपत्रावर विमानाचं तिकीट काढणारे भेटतात, खरंच. ब्रिटनमध्ये अटी पूर्ण झाल्यावर विद्यापीठ कॅस नावाचा क्रमांक देतं आणि त्यानंतरच व्हिसाचा अर्ज होतो. अमेरिकेत विद्यापीठाने दिलेला आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म हातात आल्यावर सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर भरायचे. व्हिसाची फी वेगळी. शिवाय वर्ग सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी तिथे उतरता येत नाही. कॅनडात जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना प्रांताचं साक्षांकन पत्रही लागतं. तिथे आणखी एक खाच आहे: संस्था परदेशी विद्यार्थी घ्यायला मान्यताप्राप्त असली म्हणून तिथल्या प्रत्येक अभ्यासक्रमानंतर वर्क परमिट मिळतोच असं नाही. फी भरण्याआधी अभ्यासक्रमाच्या नावानिशी तपासा.

नावाचं स्पेलिंग पासपोर्टात एक आणि गुणपत्रिकेत दुसरं, ही तक्रार किरकोळ वाटते, पण दुरुस्तीला महिने जातात. पासपोर्ट हाच आधार धरून बाकीचे कागद आधी जुळवा.

सल्लागारांबद्दल एकच सांगतो. पुष्कळ सल्लागारांना विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. यात बेकायदा काही नाही, पण मग त्यांच्या यादीत नसलेलं विद्यापीठ वाईटच असेल असं धरू नका. अर्जाच्या खात्याचा पासवर्ड आणि ईमेल मात्र स्वतःकडेच ठेवा. तुमच्या नावाने त्यांनी खोटा कागद जोडला तरी शिक्षा तुम्हाला. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कॅनडाची दारं ५ वर्षं बंद होतात आणि ब्रिटनची १० वर्षांपर्यंत.

व्हिसा नाकारला गेला तर

आधी नकाराचं पत्र शब्दन्‌शब्द वाचा. तेच कागद घेऊन आठवड्याभरात पुन्हा अर्ज करणं म्हणजे फी दुसऱ्यांदा घालवणं. अमेरिकेच्या कलम २१४(बी) खालच्या, म्हणजे शिकून मायदेशी परताल हे न पटल्याने दिलेल्या, नकारावर अपील नसतं. नव्याने अर्ज करता येतो, पण मधल्या काळात तुमच्या परिस्थितीत काय बदललं हे दाखवता यायला हवं. आधीचा नकार पुढच्या कोणत्याही देशाच्या अर्जात लपवू नका, बहुतेक फॉर्ममध्ये तो प्रश्न असतोच. आणि त्याच दिवशी विद्यापीठाला ईमेल करून प्रवेश पुढच्या सत्राला ढकलता येईल का ते विचारा. नकाराचं पत्र सोबत जोडा आणि विद्यापीठाला भरलेल्या डिपॉझिटचंही त्यातच विचारून टाका. व्हिसा नाकारला गेल्यास ते परत करणारी विद्यापीठं बरीच आहेत, फक्त परताव्याच्या अर्जाची मुदत चुकवू नका.