घरचं माणूस नाराज झालं तर काय करायचं

आमच्याकडे राग आला की माणूस ओरडते, रुसलं की तोंड फुगवून बसते, पण नाराज झालं की काहीच करत नाही आणि आपण तिथंच फसतो. शब्दातच आहे ना, ना-राजी, म्हणजे जे झालं त्याला मन राजी नाही. भांडण नसते, तक्रार नसते, आतून नुसतं खट्टू झालेलं असते.

म्हणून पहिले ओळखायला शिका. बोलणं कामापुरतं होते, तुम्ही बसले की ते उठते, जेवताना "बस, झालं" लवकर येते, अन कपाळावर आठी. डार्विनने १८७२ मध्येच लिहून ठेवलं की विचारात नाहीतर कामात काही अडलं की माणसाच्या भुवया आकसतात. आठी दिसली की समजायचं, याचं कुठंतरी अडलं आहे.

बहिणीच्या साक्षगंधाचं (साखरपुड्याचं) आवतन मी मोठेबाबाला, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाला, व्हॉट्सॲपवर पाठवलं, नुसता पत्रिकेचा फोटो. आले ते, मांडवाच्या कडेला बसले, दोन घास खाल्ले अन टोपी घालून निघाले. विचारलं तर "काई नाई बाप्पा". मी पण सोडून दिलं, ती खरी चूक. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावत "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणता म्हणता माझा हातच थांबला. बैलाला आपण तोंडानं सांगतो, अन ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली त्याले फोटो पाठवला!

तसाच गेलो. जाताना एकटंच जा, चारचौघात कोणी मन मोकळं करत नाही. समोर नाही, बाजूला बसा. "नाराज हाय का" विचारूच नका, नेमकी गोष्ट आपणच म्हणायची, "मोठेबाबा, आवतन द्याले घरी याले पाहिजे होतं, मी आलो नाई." एवढंच. लय गडबड होती, वेळच नव्हता, हे पुढं जोडलं की सगळं पाण्यात. (वाटणीची, पैशाची नाराजी असेल तर नुसतं बसून भागत नाही, हिशेब सोबत न्या.) अन लगेच हसून बोलतील अशी आशा ठेवू नका, थोडं बसा.

मोठेबाबा कासरा वळत होते. बराच वेळ बोललेच नाही. मग दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, "ताणून धर" म्हणाले, अन थोड्या वेळानं, "पोरीच्या लग्नाची तारीख निघाली का?"